त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट आणि झेरॉक्सवाले दलालभाऊ

आधी हिशेब सांगते, मग कौतुक आणि मग भांडण. सासऱ्यांचा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही एप्रिल २०२४ मध्ये विकायला काढला. रजिस्ट्री झाली जून २०२५ मध्ये. चौदा महिने! त्यातले पहिले सात आम्ही आमच्या अकलेनं घालवले. उरलेल्या सातांत ज्यांनी काम केलं, त्यांच्याबद्दल हे लिहून राहिले आहे. नाव टाकत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. "नाव टाकलं का लोकं रात्री अकराले फोन करते म्याडम." झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, त्यातच एका टेबलावर दलाली चालते. गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, कायम. तेवढं पुरे.

फ्लॅट १९९९ चा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर गच्ची, हॉलची खिडकी पश्चिमेला. सुभाषनगरचं मेट्रो स्टेशन दुचाकीवर पाच-सात मिनिटं. आम्ही भाव लावला ५२ लाख. कसा लावला? मागच्या गल्लीत नव्या स्कीमची पाटी लागली होती, तिथला दर विचारला, आपल्या ७८० चौरस फुटांनी गुणलं, "जुनं बांधकाम आहे पण मजबूत आहे" म्हणून वर थोडे टाकले. मी शाळेत गणित शिकवते. नव्या स्कीमचा दर लिफ्ट, पार्किंग आणि कोऱ्या भिंतींचा होता आणि आमचे ७८० सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती-जिन्यासकट मोजलेले होते, एवढं साधं मला दिसलं नाही. पोरांच्या पेपरात ही चूक असती तर अर्धा गुण कापला असता.

मग एका पोर्टलवर पैसे भरून जाहिरात टाकली. तिथून रोज एक मुलगी फोन करायची आणि आणखी महागडं पॅकेज घ्यायला सांगायची. गिऱ्हाईक मात्र आठवड्याला एक. ओळखीच्या, अनोळखी अशा पाच दलालांनाही सांगून ठेवलं, म्हटलं जितके जास्त हात तितकं बरं. झालं उलटंच. प्रत्येकानं आपापल्या मनानं जाहिरात टाकली. एका ठिकाणी ५२, दुसऱ्या ठिकाणी ४९, एका महाशयांनी तर ४५ "अर्जंट" असं लिहिलं. फोटो तेच, दिवाणावर गाठोडी आणि दोरीवर माझ्याच साड्या. एक बाई पाहायला आल्या आणि जिन्यातच विचारत्या झाल्या, "घरात काही झालं होतं का? इतके दिवस काऊन पडून आहे?" त्या दिवशी मला कळलं की जाहिरात जुनी झाली की लोक घराऐवजी खोट शोधायला येतात.

ऑगस्टमध्ये एक चांगलं कुटुंब आलं. ४४ म्हणाले. आम्ही ५० वर अडलो. महिनाभर ताणून ४६ वर यायची आमची तयारी झाली, ते कसेबसे ४५ पर्यंत चढले, तेवढ्यात त्यांच्या बँकेच्या वकिलानं आमची फाइल परत पाठवली. पुढे पितृपंधरवडा लागला. त्या पंधरा दिवसांत नागपुरात कोणी घर पाहायला येत नाही, फोनही करत नाही. ते कुटुंब दसऱ्याला दुसरीकडे इसार देऊन मोकळं झालं. मारबतीच्या मिरवणुकीत इडा-पिडा हाकलायला "घेऊन जा गे मारबत" ओरडतात तसं मला ओरडावंसं वाटत होतं, पण घेऊन काय जायला सांगायचं ते ठरत नव्हतं.

झेरॉक्सवाल्या भाऊंकडे मी दिवाळीनंतर गेले ती दलालीसाठी नाही, सासऱ्यांच्या मृत्यू दाखल्याच्या प्रती काढायला. त्यांनी कागद पाहिले, पत्ता पाहिला, "हा त तिसऱ्या माळ्यावरचा. लय दिवसापासून आहे ना जी?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला स्वतः पाहायला आले.

दार उघडलं तर आत यायच्या आधीच उभे राहिले. नाक वर केलं. मला काही वास येत नव्हता, सात महिन्यांत सवय झाली होती. ते सरळ हॉलच्या खिडकीपाशी गेले. तिथं लोखंडी स्टँडवर कुलर, खिडकीचा पाऊण भाग त्यानं झाकलेला. मागची जाळी त्यांनी ओढून काढली. आत दोन उन्हाळ्यांपूर्वीची खस. मधे काळी, कडेला हिरवट, हात लावला की चिखलासारखी बोटांना येणारी. टाकीत तळाला चार बोटं पाणी आणि त्यावर मेलेल्या माश्या.

"पयले हे काढा. मंग भावाचं बोलू. गिऱ्हाईक डोळ्यानं मागून पाह्यते, पयले नाकानं."

कुलर उतरवल्यावर हॉल एवढा उजेडाचा आहे हे आम्हांलाच नव्यानं कळलं. आणि आम्ही आजवर लोकांना घर दाखवत होतो ते दुपारी तीनला, माझी शाळा सुटल्यावर, मे महिन्यात, पश्चिमेच्या खिडकीतून आगीचा झोत येत असताना! नागपूरचा मे, पंचेचाळीसला टेकलेला पारा, तीन मजले चढून आलेला माणूस. तो काय पाहील? पाणी मागायचा आणि निघून जायचा. भाऊंनी नियमच घातला, घर दाखवायचं ते सकाळी दहाच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर.

दुसरा नियम पार्किंगचा. खाली आमच्या हक्काची चारचाकीची जागा आहे, पण तिथं सासऱ्यांची बजाज चेतक ताडपत्रीखाली बसलेली. टायर जमिनीत रुतलेले. येणारा माणूस समजायचा की जागा कोणा दुसऱ्याची आहे, आणि आम्ही सांगेपर्यंत त्याचं मत झालेलं असायचं. चेतक हलवायला आमच्या ह्यांनी तीन आठवडे लावले. शेवटी चुलत दिरांच्या हिंगण्याच्या गोडाऊनमध्ये ठेवली. अजून तिथंच आहे. मी विचारत नाही.

भावाचं बोलणं दुकानात झालं. त्यांनी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून आमच्याच भागातल्या तीन व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे घर कितीला विकलं ते सांगणारे नोंदणीचे उतारे, काढून ठेवल्या होत्या. आमच्यासारखेच जुने, लिफ्ट नसलेले फ्लॅट. दोन वरच्या मजल्यावरचे, ३८ आणि ३९.५ ला गेलेले, एक पहिल्या मजल्यावरचा ४३ ला. हे कोणालाही घरबसल्या पाहता येतं, फुकट. आम्ही सात महिने पोर्टलवरचे आकडे पाहत होतो, ते तर आमच्यासारख्याच लोकांनी लिहिलेले! मागितलेला भाव आणि रजिस्ट्रीतला भाव यांत मुलीकडच्या पत्रिकेतल्या उंचीएवढा तरी फरक असतोच. मी म्हटलं, काही लोक रजिस्ट्रीत कमी दाखवतात. ते म्हणाले, "दाखवत असतीन. पण तुमचं गिऱ्हाईक बँकेचं लोन घेईन ना? बँक थोडीच वरचे पैसे देते."

मग त्यांनी बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, चाळीस लाख, सात टक्के, सात महिने. कागद माझ्याकडे सरकवला. एक लाख त्रेसष्ट हजार. वर रिकाम्या घराचा मेंटेनन्स आणि टॅक्स. गणिताच्या बाईला खर्रा खाणाऱ्या माणसानं सरळव्याज शिकवलं. ४३ लिहायचे आणि एकाच्याच हातानं एकच जाहिरात ठेवायची, असं ठरलं. बाकीच्या पाचांना फोन करून जाहिराती काढायला लावणं हे काम त्यांनी स्वतः केलं. कसं केलं ते ऐकवत नाही.

कागदांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ४५ लाखांचं गिऱ्हाईक आम्ही तिथंच गमावलं. सासरे २०२२ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. मनपाच्या टॅक्स पावतीवर त्यांचंच नाव. आम्हांला वाटलं होतं, सासूबाई आहेत, मुलगा आहे, सही करून टाकू. पण नणंदही वारस आहे, ती बंगलोरला, आणि तिची सही किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल तर बँक पुढे जातच नाही. शिवाय मंजूर नकाशा हरवलेला, डीड ऑफ डिक्लरेशनची (इमारतीतले फ्लॅट आणि सामायिक जागा नोंदवणाऱ्या दस्ताची) मधली पानं गायब, आणि आरएलची नुसती अंधूक झेरॉक्स. बाहेरच्यांसाठी सांगते, गुंठेवारीत नियमित झालेल्या ले-आऊटमधल्या प्लॉटला नागपूर सुधार प्रन्यासकडून जे पत्र मिळतं त्याला इथं सगळे आरएल म्हणतात. नागपुरात घर घेणारा माणूस किचनच्या आधी आरएल विचारतो.

भाऊंनी एका कागदावर उतरत्या क्रमानं लिहून दिलं की आधी काय, मग काय. नणंदेनं कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं की स्वतः यायचं, टॅक्सवर वारसांची नावं कशी चढवायची, नकाशाची प्रमाणित प्रत कुठून. नकाशाच्या अर्जात आमच्या ह्यांनी खसरा नंबरच चुकीचा लिहिला आणि त्यात दीड महिना गेला, ते भाऊंच्या खात्यात टाकत नाही. फेब्रुवारीत फाइल पुरी झाली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या प्रती, वर अनुक्रमणिका. येणाऱ्याच्या हातात चहाच्या आधी फोल्डर. फरक पडतो हो. माणूस बसतो.

गच्चीच्या बाबतीत ते माझ्याशी उद्धट बोलले, आणि बरोबर बोलले. मागच्या बेडरूमच्या छताला ओल होती. आम्ही २०२४ च्या पावसाळ्याआधी पुट्टी मारून रंग दिला होता आणि जुलैत ती ओल पुन्हा आली, कडेला पिवळी, मधे पापुद्रे सुटलेली. मी म्हटलं, पुन्हा रंग देऊ. "रंगाचा वास आला का मानूस वरतच पाह्यते. एक त गच्ची करा, नाहीतर पैसे कमी करा. झाकू नका." गच्ची सगळ्यांची, फ्लॅट नऊ. पाच जणांनी पैसे दिले, तळमजल्यावरच्यांनी अर्थातच "आमच्याकडे काही गळत नाही" म्हटलं. १,३५,००० खर्च आला, त्यातले ६०,००० आम्ही उचलले. काम झाल्यावर गच्चीत तीन दिवस पाणी भरून ठेवलं. ठेकेदाराचं बिल आणि पाच वर्षांची लेखी हमीही त्या फोल्डरमध्ये गेली. छताचा डाग होता तसा आधी सुकू दिला, मगच रंग. पाहायला येणाऱ्यांना आम्ही स्वतः वर बोट दाखवून सांगायचो की इथं ओल होती.

आणखी एक प्रश्न हमखास यायचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून पश्चिम नागपुरात घर घेणारा विचारतोच की इथं पाणी आलं होतं का. तिसऱ्या मजल्याला काय करायचं, असं मी म्हणायची. पण त्याला त्याची गाडी दिसत असते ना! भाऊंनी तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या मोबाइलमधून त्याच सकाळचा आमच्या पार्किंगचा कोरडा फोटो शोधून काढला. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

नंतर फार काही सांगण्यासारखं नाही. मार्चमध्ये अकरा जण येऊन गेले, तिघं दुसऱ्यांदा आले. म्हातारी माणसं जिना पाहून परतली, ते ठीकच. घेतला एका तरुण जोडप्यानं, दोघंही नोकरीवाले, मेट्रोनं जाणारे. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला इसार दिला, ४१ लाख २५ हजारांवर मिटलं. रजिस्ट्री तिच्या नावावर केली, बायकांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते म्हणून. हेही त्यांना भाऊंनीच सांगितलं. एक टक्का म्हणजे ४१ हजार, त्यात खस न लागणारा एसी येतो. नणंद मुखत्यारपत्र न देता स्वतः आली, रजिस्ट्रीच्या आदल्या संध्याकाळी एकटीच वर जाऊन बसली आणि खाली येऊन म्हणाली, "हॉल इतका मोठा होता?"

आता भांडण. ठरली होती आमच्याकडून एक टक्का दलाली, म्हणजे ४१,२५०. रजिस्ट्रीच्या दिवशी, सगळे बाहेर बाकावर बसलेले असताना, भाऊ हळूच म्हणाले की दोन टक्के असतात. मी लेखी घेतलं नव्हतं. ही चूक माझी. ५० हजारांवर तुटलं, पण माझ्या तोंडाची चव गेली. वेळ पाळत नाहीत, "पाच मिनिटात पोचून राहिलो" म्हणजे चाळीस मिनिटं. गिऱ्हाईक गाळून आणत नाहीत, एकदा तर प्लॉट शोधणाऱ्या माणसाला आमच्या तीन मजल्यांवर चढवलं. आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर भिंतीला जो लाल फराटा आहे, तो कोणाचा हे मला माहीत आहे. नव्या जोडप्यालाही माहीत आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या खशीचा, नाहीतर तीनच दिले असते. जायचं असेल तर दलालीचा टक्का पहिल्याच दिवशी लिहून घ्या, कागद त्यांच्याच दुकानात मिळतो. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं, आत झोपलेले असतात, उठवू नका.