गाडीचा वेग विकत घ्यावा का? सॉफ्टवेअर पॅकची मराठवाड्याच्या रस्त्यांवर पारख

इलेक्ट्रिक गाडीत मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) आणि बॅटरी कारखान्यातूनच पूर्ण ताकदीची बसवून येते. त्या ताकदीला सॉफ्टवेअरने लगाम घातलेला असतो आणि पॅकचे पैसे भरले की तो थोडा सैल होतो. नवा भाग बसत नाही की गाडी उचलावी लागत नाही. म्हणूनच पैसे मोजण्याआधी लगाम नेमका कुठे सैल होतो ते पाहावं लागतं.

टेस्लाने २०१९च्या डिसेंबरात मॉडेल ३ लाँग रेंजसाठी २,००० डॉलरचं पॅक काढलं. त्याने शून्य ते ताशी ६० मैल गाठण्याची वेळ ४.४ सेकंदांवरून ३.९वर आली. मर्सिडीजने २०२२मध्ये अमेरिकेत असंच पॅक वर्षाला १,२०० डॉलरच्या वर्गणीवर जाहीर केलं. त्यात ईक्यूई ३५० या गाडीची ताकद २१५ किलोवॉटवरून २६० होते. पोलस्टार २ या गाडीचं २०२२चं पॅक एकदाच पैसे भरून मिळायचं. त्याने ताकद ३५० किलोवॉटपर्यंत जायची, म्हणजे ५० किलोवॉटची भर. फोक्सवॅगनने २०२५मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ या गाडीची ताकद १५०वरून १७० किलोवॉट करायला महिन्याला साडेसोळा पौंड किंवा कायमचे ६४९ पौंड असा भाव ठेवला. पोलस्टार आणि आयडी.३ आपल्याकडे विकल्या जात नाहीत, पण मोबाइलवरून वेग विकण्याची ही रीत इथल्या शोरूममध्ये यायला फार दिवस लागणार नाहीत. २०१०मध्ये एकाच खेपेत दीडशे मर्सिडीज घेणारं शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर, याच भागात आहे. तेव्हा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.

जाहिरातीतला आकडा शून्यापासूनचा असतो आणि आपल्या रस्त्यावर त्याचा उपयोग जवळपास नाही. सिग्नलवरून अर्धा सेकंद आधी सुटून कुणाचं काही भलं होत नाही. इथे जीव पणाला लागतो तो दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना. म्हणून पॅक जोखायचं ते ताशी ६० ते १०० किलोमीटर या टप्प्यावर.

हा हिशेब कागदावर जमतो. ईक्यूईचं माणसांसकट २,६०० किलो वजन धरलं, तर ६०वरून १००वर जायला सुमारे ६४० किलोज्यूल ऊर्जा लागते. हवेचा रोध आणि इतर तोटा सोडला, तर २१५ किलोवॉटला ३ सेकंद आणि २६० किलोवॉटला अडीच. फरक अर्ध्या सेकंदाचा. समोरून ८०ने गाडी येत असेल आणि आपलीही सरासरी ८० असेल, तर दोघांतलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने घटतं. अर्धा सेकंद वाचला म्हणजे सुमारे २३ मीटर जागा जास्त मिळाली. ही जागा खरी आहे, तिला कमी लेखू नये. आयडी.३चं वजन १,९५० किलो धरलं तर ०.३८ सेकंद, म्हणजे साधारण १७ मीटर मिळतात. पोलस्टारला २,२५० किलोवर जेमतेम पाव सेकंद. मुळात दांडग्या असलेल्या गाडीला पॅकचा फायदा कमी आणि बेताच्या गाडीला जास्त.

आता पुढे कोणतं वाहन आहे ते बघा. उसाच्या हंगामात कळंब, अंबाजोगाई, माजलगाव पट्ट्यात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर २०-२५च्या वेगाने चाललेला असतो. इतक्या कमी वेगात गाडीचा जोर टॉर्कवर, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या बळावर ठरतो, किलोवॉटवर नाही. पोलस्टारच्या पॅकमध्ये टॉर्कची भर अवघी २० न्यूटन-मीटर आहे, मूळ ६६०वर ३ टक्के. तिची जादा ताकद ७० ते १३०च्या दरम्यान मिळते. म्हणजे ट्रॅक्टरमागून निघताना हे पॅक निजलेलंच राहतं आणि ७०ने धावणाऱ्या ट्रकमागून किंवा एसटीमागून निघताना जागं होतं. ट्रॅक्टरसाठी कुठल्याही इलेक्ट्रिक कारचा मूळ टॉर्क पुरेसा असतो. तेवढ्यासाठी पैसे घालवू नयेत. पॅकच्या माहितीपत्रकात 'टॉर्क किती वाढतो' आणि 'कोणत्या वेगापासून' या दोन ओळी सापडल्या नाहीत, तर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

मग उरतं ऊन. विजेचा प्रवाह जितका वाढतो, त्याच्या वर्गाच्या पटीत उष्णता वाढते. २१५वरून २६० किलोवॉट म्हणजे प्रवाह सुमारे २१ टक्के जास्त आणि तारा, इन्व्हर्टर, सेल यांत तयार होणारी उष्णता ४६ टक्के जास्त. एका ओव्हरटेकच्या तीन सेकंदांत याने काही बिघडत नाही. पण मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३वर असताना गाडी दुपारभर पत्र्याच्या शेडखाली तापलेली, नुकतीच डीसी (फास्ट) चार्जरवरून काढलेली, आणि पाठोपाठ चार ओव्हरटेक केलेले असले की बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणा स्वतःहून ताकद आवरते. चार्ज अगदी खाली आला की तेव्हाही आवरते. विकत घेतलेले किलोवॉट नेमके अशा वेळी मिळत नाहीत, आणि त्याचे पैसे कुणी परत करत नाही.

त्यामुळे महिन्याची वर्गणी असेल तर आधी एकच महिना घ्या, तोही एप्रिल किंवा मेचा. पॅक सुरू करण्यापूर्वी चौपदरी, मोकळ्या रस्त्यावर दुपारी ३ वाजता, २५ टक्के चार्जवर ६० ते १००ची वेळ काढा. टायरमध्ये हवा तीच, माणसं तेवढीच, एसी चालू. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे वारा आणि चढ यांचा हिशेब जुळतो. स्पीडोमीटरचं चित्रण शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. पॅक सुरू करून तेच पुन्हा करा. फरक ०.३ सेकंदाहून कमी निघाला तर वर्गणी बंद करा. पुढे ठेवायचंच ठरलं तर भाव ताडून बघा. फोक्सवॅगनच्या दराने ४० महिन्यांत कायमची किंमत वसूल होते आणि ते पॅक गाडीसोबतच राहतं, म्हणून विकतानाही मोल टिकतं. मर्सिडीजच्या मूळ दराने पाच वर्षांत ६,००० डॉलर जातात आणि हातात काही उरत नाही. तो सौदा आम्हाला मान्य नाही.

करातलीही गंमत लक्षात ठेवा. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे, नंतर ऑनलाइन घेतलेल्या सॉफ्टवेअर सेवेवर १८. पॅक गाडीच्याच बिलात बसतं का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. ताकद वाढवल्याचं विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

वेगाऐवजी ज्या सॉफ्टवेअरला पैसे द्यावेत, त्याची कामं वेगळी आहेत. टाटाने जुलै २०२२मध्ये जुन्या नेक्सॉन ईव्हीला ब्रेकिंगमधून वीज परत घेण्याच्या पातळ्या निवडण्याची सोय अपडेटने दिली, पहिल्यांदा फुकट. घाट उतरताना ब्रेक कमी तापतात, हा त्याचा मोठा लाभ. २०० मीटरच्या उतारावर १,६०० किलोच्या गाडीला फार तर अर्धा युनिट परत मिळतं, म्हणजे तीन-चार किलोमीटर. एथरने एप्रिल २०२३मध्ये ४५०एक्स स्कूटर प्रो पॅकशिवाय स्वस्तात आणली, तेव्हा राइड मोड आणि फास्ट चार्जिंग दोन्ही सुमारे ३० हजारांच्या पॅकमध्ये गेले. रोज गावातल्या गावात फिरून रात्री घरी चार्ज करणाऱ्याला त्याविना चालतं. तालुक्याला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्याने पॅकसहितच घ्यावी.

बाजारात काही गॅरेजवाले दोन-पाचशे रुपयांत बिननोंदणीच्या स्कूटरचा ताशी २५चा लगाम काढून देतात, तिकडे फिरकू नका. पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकद आणि २५ची मर्यादा, या अटींवरच त्या वाहनाला नोंदणी आणि लायसन्स माफ आहे. लगाम निघाला की ते विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरतं. अपघात झाला तर भरपाई चालवणाऱ्याच्या घरातून जाते. मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर वाढीव प्रवाहाने जळू शकतो, चाकातली हब मोटर तापते, आणि २५साठी दिलेला ड्रम ब्रेक ४५ला गाडी वेळेत थांबवत नाही.