फ्रँचायझी घेताय? आधी बंद पडलेल्या दुकानांची यादी मागा

माझ्या थोरल्या भावाचे साडेनऊ लाख रुपये एका चहाच्या फ्रँचायझीत बुडाले. ब्रँडचं नाव लिहीत नाही, वकिलाची नोटीस गेलीये. पण ही पद्धत फक्त त्या एका ब्रँडची नाही, बऱ्याच ठिकाणी अशीच चालते, म्हणून सविस्तर लिहितोय. पीएफचे पैसे हातात घेऊन दुकान शोधणाऱ्या कुणाच्या तरी वाचण्यात यावं एवढीच इच्छा.

दादा चाकणच्या कंपनीतून बाहेर पडला तेव्हा त्याला कुणीतरी त्या ब्रँडच्या मीटिंगला नेलं. हॉटेलचा हॉल, प्रोजेक्टर, आणि स्लाइडवर मोठ्या अक्षरात "आमच्या शाखांचं सरासरी मासिक उत्पन्न 3 लाख 20 हजार". मग त्यांच्याच गाडीतून रविवारी सकाळी हायवेच्या फूड मॉलमधली शाखा दाखवायला नेलं, तिथे ट्रॅव्हल्सच्या गाड्या थांबलेल्या, काउंटरवर रांग, पोरांना मान वर करायला वेळ नाही. ते बघून कोण नाही म्हणेल? फी, डिपॉझिट, मशीन, काउंटर, बोर्ड सगळं धरून साडेनऊ लाख गेले.

त्या सरासरीमागचा खरा तक्ता आम्हाला पुढे त्यांचं काम सोडलेल्या एका एरिया मॅनेजरकडून मिळाला. दहा शाखा होत्या. फूड मॉलवाली 14 लाख, एका मोठ्या हॉस्पिटलसमोरची 6 लाख, आणि बाकीच्या आठ मिळून 12 लाख, म्हणजे एकेक दीडच्या आसपास. बेरीज 32, भागिले 10, आलं 3 लाख 20 हजार. गणित अगदी बरोबर, आणि फसवणूक नेमकी इथेच आहे, कारण त्या दहात 3 लाख 20 हजारवालं एकही दुकान नाही! एकट्या फूड मॉलने सगळ्यांची सरासरी उचलून धरलेली. म्हणून नुसती सरासरी कधीच घेऊ नका, प्रत्येक शाखेचा वेगळा आकडा मागा, चढत्या क्रमाने लावा आणि मधोमध काय येतंय ते बघा. तुमचं दुकान त्याच्या जवळपास जायची शक्यता जास्त, फूड मॉलची जागा तुम्हाला कोण देणारे?

शिवाय हे सगळे आकडे विक्रीचे, नफ्याचे नाहीत. दीड लाखाच्या गल्ल्यात दूध, साखर, पावडर, कप मिळून 80 हजारांच्या आसपास जातात (पावडर त्यांच्याकडूनच घ्यायची, त्यांच्याच भावाने), मग भाडं, दोन पोरांचा पगार, गॅस, लाइट बिल, वर 6 टक्के रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ब्रँडचा हिस्सा. त्या रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी, आणि चहाच्या दुकानाला जीएसटीच्या 5 टक्के दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, त्यामुळे तो पूर्ण खिशातून. महिन्याच्या शेवटी दादाकडे स्वतःची मजुरीही उरत नव्हती.

पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच. तक्त्यात फक्त चालू शाखा होत्या. बंद पडलेली दुकानं कुठे गेली? माझ्या पुतणीने त्यांच्या फेसबुक पेजवरचे जुने उद्घाटनाचे फोटो काढले, फीत कापताना, नारळ फोडताना, खाली गावाचं नाव, आणि एकेक गाव आताच्या यादीशी जुळवत बसली. कितीतरी नावं यादीतून गायबच. मॅपवर बघितलं तर "कायमचे बंद". त्यातल्या एका ठिकाणी, सातारा रोडला, मी स्वतः गेलो. तिथे आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे, वर भिंतीला जुन्या बोर्डाची भोकं आणि कडेचा केशरी पट्टा अजून तसाच. शेजारच्या पंक्चरवाल्याने नंबर दिला. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "मला आजवर कुणी विचारलंच नाही हो, नाहीतर सगळं सांगितलं असतं."

जे टिकले त्यांचीच सरासरी काढायची आणि जे बुडाले त्यांना हिशोबातूनच काढून टाकायचं, मग आकडा चांगला येणारच, जितकी जास्त दुकानं बुडतील तितका अजून चांगला येईल. बुडालेल्यांचं शून्य कुणी धरतच नाही.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या निदान 14 दिवस आधी एक कागदपत्र द्यावंच लागतं, त्यात मागच्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद झाल्या आणि सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा करायचा हे सगळं असतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही, 1872 च्या करार कायद्यावर काम चालतं. तेव्हा जे काय विचारायचं ते सहीच्या आधी आपणच लेखी विचारायचं. मागच्या तीन वर्षांतल्या सगळ्या शाखा, चालू आणि बंद, पत्त्यासकट मागा. "कॉन्फिडेन्शियल आहे" म्हणाले तर तिथूनच परत फिरा. आणि ते दाखवतील ते दुकान सोडून आपण निवडलेल्या दुकानात मंगळवारी दुपारी तीनला जाऊन बसा, कप मोजा.

पोलिसांनी दादाला दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवलं. वकील म्हणतात, ग्राहक आयोगात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याला सूट आहे, तो मुद्दा लावून धरू. स्लाइडचा फोटो दादाने मीटिंगमध्ये मोबाईलवर काढून ठेवला होता, तोच आता मुख्य पुरावा आहे. तुम्ही अशा मीटिंगला गेलात तर प्रत्येक स्लाइडचा फोटो घ्या, आणि तोंडी सांगितलेले आकडे त्याच रात्री त्यांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवून "बरोबर ना?" विचारा.