१७ वर्षांचे भीमथडी तट्टू आणि ९० हजारांचा भाव

पुण्याजवळच्या एका घोडेस्वारी शाळेने आपले एक जुने तट्टू विकायला काढले असून त्याचा भाव ९० हजार रुपये सांगितला आहे. भीमथडी बांध्याचे, खच्ची केलेले, कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ-शेपूट) रंगाचे आणि ५० इंच उंचीचे हे तट्टू अनेक वर्षे लहान मुलांना पाठीवर घेऊन शिकवत आले आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी ते घ्यावे का, हे ठरवताना काय पाहिले, पशुवैद्याकडून काय तपासून घेतले आणि कोणता भाव रास्त वाटला, ते येथे सविस्तर लिहीत आहे. कारण अशा खरेदीच्या वेळी पालकांना जातिवंत घोड्यांच्या बाजारभावाखेरीज दुसरा आधार सहसा मिळत नाही, आणि तो आधार या कामी फारसा उपयोगाचा नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत उंची, रंग, कानांची ठेवण, चाल आणि अंगावरचे केसांचे भोवरे पाहून घोड्याची किंमत होते. शर्यतीसाठी, पैदाशीसाठी किंवा वरातीसाठी घोडा घेणाऱ्याचे हिशेब वेगळे असतात. मुलाच्या तट्टूची किंमत मात्र त्याच्या स्वभावाची आणि पायांची असते. भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे अधिकृत नोंद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या तट्टूकडे वंशाची कागदपत्रे नाहीत, त्यामुळे जातीच्या नावासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही. एका भोवऱ्यामुळे ते ‘खोडीचे’, म्हणजे अशुभ, असल्याचे एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले. मी तो मुद्दा हिशेबात धरला नाही.

वयाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. शाळेने वय १५ सांगितले होते. वरच्या जबड्यातील कोपऱ्याच्या पुढच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती निम्म्यापर्यंत उतरते आणि विसाव्या वर्षापर्यंत दाताच्या टोकाला पोहोचते. इथे ती निम्म्याच्या बरीच खाली होती, म्हणून पशुवैद्यांनी वय १७ च्या आसपास धरले. दातांवरचा अंदाज वर्षा-दोन वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे या फरकावरून मी शाळेच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेणार नाही. तट्टे नीट सांभाळली तर २५ ते ३० वर्षे जगतात आणि हलके काम विशीनंतरही करतात. शिवाय मुलगी चार-पाच वर्षांत या तट्टूला जड होणार आहे, म्हणजे तरुण तट्टू घेतले असते तरी त्याची पुढची वर्षे तिच्या वाट्याला आली नसतीच. रिकिबीतून पाय निसटला की जागीच थांबणे, मागून मोटारसायकल गेली तरी न बिचकणे, हे सात वर्षांच्या वांड तट्टूला एका हंगामात शिकवता येत नाही. वय झालेले असणे हा या खरेदीतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण आहे आणि त्यासाठी मी पैसे मोजायला तयार आहे.

तपासणीच्या दिवशी तट्टूला आधी तबेल्याबाहेर काढू नये, अशी विनंती केली होती, कारण सांधे आखडलेले जनावर थोडे चालले की मोकळे होते आणि दोष झाकला जातो. तसेच झाले: पहिली काही पावले डावा मागचा पाय आखूड पडला आणि नंतर चाल सुधारली. पशुवैद्यांनी तो पाय सुमारे मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पळवले, तेव्हा लंगड पुन्हा स्पष्ट दिसली. हा मागच्या पायाच्या मधल्या सांध्याचा (हॉकचा) वयोमानाने येणारा संधिवात आहे. हलक्या रपेटीला तो आड येत नाही, पण उड्या मारण्याचे काम यापुढे नको. वेदनाशामक दिले असेल तर हे काहीच दिसत नाही, म्हणून त्याच वेळी रक्ताचा नमुनाही राखून ठेवला.

खुरांवर जुन्या लॅमिनायटिसच्या, म्हणजे खुराच्या आतल्या सुजेच्या, टाचेकडे रुंद होत जाणाऱ्या वळ्या नव्हत्या, आणि लठ्ठ तट्टूंमध्ये हा रोग वारंवार होत असल्याने मला हीच गोष्ट सर्वांत दिलासा देणारी वाटली. अंगावरचे केस वेळेवर झडलेले होते; म्हाताऱ्या तट्टूच्या अंगावर उन्हाळ्यातही लांब केस राहिले तर कुशिंग या संप्रेरकांच्या रोगाची तपासणी करावी लागते आणि रोग निघाल्यास औषध आयुष्यभर द्यावे लागते. एक दाढ पडलेली आहे, त्यामुळे कडब्यापेक्षा मऊ गवत आणि भिजवलेला दाणा द्यावा लागेल. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी मात्र कोणीही टाळू नये: हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही.

वजनाचा हिशेब सरळ आहे. तट्टू अंदाजे २४० किलोचे आहे आणि स्वार व खोगीर मिळून शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक भार टाकू नये, असा संकेत आहे, म्हणजे ४८ किलो. सांध्याचा विचार करून मी ४० किलोवरच थांबेन.

चारा, दाणा, मोतद्दाराचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगार आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद धरून आम्हाला महिन्याला ९ हजारांच्या खाली खर्च बसणार नाही. वर्षभराचा खर्चच सांगितलेल्या किमतीपेक्षा अधिक होतो. त्यामुळे दहा-वीस हजारांसाठी घासाघीस करण्यापेक्षा निरोगी आणि शहाणे जनावर मिळवणे महत्त्वाचे आहे, हे मान्य करूनही ९० हजार हा भाव मला जास्त वाटतो. तो निर्दोष पायांच्या, उडी मारू शकणाऱ्या तट्टूचा भाव आहे. सांधा आणि दाढ लक्षात घेता ६५ हजार रास्त आहेत, आणि स्वभाव पाहता ७० हजारांपर्यंत जायला मी तयार आहे. मुलीने स्वतः खरारा केला, खोगीर चढवले आणि मैदानाबाहेरच्या रस्त्यावर रपेट केली. तट्टूने कान टवकारले, पण पाऊल चुकवले नाही.

रक्ताचे अहवाल स्वच्छ आले, दोन आठवडे आमच्याकडे ठेवून पाहण्याची मुभा मिळाली आणि मुलगी मोठी झाल्यावर हे तट्टू कोणाच्या हाती जाईल याबद्दल लेखी करार झाला, तर मी ७० हजार देऊन ते घेईन. शाळा ९० हजारांवर अडून राहिली तर घेणार नाही.