जर्मनीला न्यायचा कुकर : हॉकिन्स स्टेनलेस स्टील, ३ लिटर

जर्मनीला राहायला जाताना मिक्सर मागे राहिला तरी निभावतं, कुकर मात्र हवाच. तिथेही उत्तम कुकर मिळतात, पण ते महाग असतात आणि बहुतेकांना आपल्यासारखी शिट्टी नसते. आपल्या वरण-भाताचा सगळा हिशेब तर शिट्ट्यांवर. एका-दोघांसाठी हॉकिन्सचा इंडक्शन तळाचा, स्टीलचा ३ लिटरचा कुकर पुरेसा आहे. ५ लिटरचा उगाच बॅग अडवतो.

घर मिळेपर्यंत तिथे कुठली शेगडी असेल ते कळत नाही. काचेची सिरॅमिक, इंडक्शन किंवा जुन्या घरात लोखंडी तव्यांची, काहीही निघू शकतं, गॅस क्वचित. घरातला साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. स्टीलचा या तिन्ही शेगड्यांवर चालतो. तरी दुकानात दोन गोष्टी तपासाच. कुकर उलटा करून तळाला लोहचुंबक लावा, तो घट्ट चिकटला पाहिजे; बाजूला नाही चिकटला तरी हरकत नाही. मग तळावर पट्टी आडवी ठेवा. खालून उजेड दिसला तर तळ सपाट नाही आणि काचेवर तो नीट टेकणार नाही.

या कुकरची खरी अडचण त्याच्या तोंडाशी आहे. झाकण आतून बसतं, म्हणून तोंड पोटापेक्षा अरुंद. घरातले जुने डबे आत जातीलच असं नाही. याच मापाचे डबे घ्या आणि दुकानातच आत-बाहेर करून पाहा.

सिरॅमिक शेगडीवर सवय बदलावी लागते. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. तीन शिट्ट्यांचा भात करायचा तर दुसऱ्या शिट्टीला बटण बंद करा, किंवा तिसरी झाल्यावर कुकर उचलून बाजूला ठेवा. नुसतं बंद करून तिथेच ठेवला तर आणखी शिट्ट्या होतात, भाताचा गोळा होतो आणि डाळ तळाला लागते. शेगडीचं वर्तुळ तळाएवढंच निवडा, सहसा १४.५ किंवा १८ सेंटिमीटरचं. मोठ्यावर ठेवला तर कडेच्या आचेने हँडल भाजतं. इंडक्शनवर उलट त्रास, तळ लगेच तापतो. म्हणून मध्यम आचेवर सुरू करा. डाळ भिजवलेली असली तरी निम्म्यापेक्षा वर भरू नका, फेस शिट्टीच्या नळीत अडकतो.

पाणी बऱ्याच शहरांत जड आहे. आत पांढरा थर धरतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उकळलं की निघतो. एका खोलीच्या घरात छताला धुराचा अलार्म असतो, तेव्हा वाफ सोडताना वरचा एक्झॉस्ट सुरू ठेवा.

सुटे भाग इथूनच न्या: दोन गॅस्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह, तेही मॉडेलचं नाव दाखवून घेतलेले. गॅस्केटची मापं मॉडेलप्रमाणे बदलतात आणि 'साधारण बसेल' असं गॅस्केट वाफ सोडतं. रोजच्या वापरात गॅस्केट कडक होत जातं. कडेने वाफ येऊ लागली की समजावं, बदलायची वेळ झाली.

कुकर चेक-इन बॅगेतच ठेवा. केबिन बॅगेत असला तर तपासणीत बॅग उघडायला लावण्याची शक्यता जास्त. शिट्टी काढून मोज्यात गुंडाळा, पोटात कपडे भरा. तिथे तुपाचा डबा मात्र कोंबू नका. प्रवाशाच्या सामानातून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे आणि कस्टम्सवाले तो काढून घेतात.

मिक्सर न्यायचाच असेल तर वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे मोटर व्यवस्थित चालते. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, तेव्हा मिक्सरच्या वॉटला पुरेल असा अर्थिंगचा जाड ॲडॉप्टर घ्या. मोबाइल चार्जरसाठीचा हलका ॲडॉप्टर लावला तर चटणी वाटताना तापून वितळू शकतो.