परवानग्यांसकट फाइली हलवायच्या: कॉपी-पेस्ट, रोबोकॉपी की आरसिंक?

जुन्या सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर नव्यावर न्यायचं असेल, तर साधनाआधी हे ठरवा: जुन्या परवानग्या (फाइल कोण उघडू किंवा बदलू शकतो याचे नियम) सोबत न्यायच्या आहेत, की नव्या जागेच्या लागू करायच्या आहेत?

दुसरं हवं असेल तर विंडोजचं साधं कॉपी-पेस्ट पुरतं. एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कची नेहमीची फाइल-पद्धत) कॉपी म्हणजे नवी फाइल, आणि तिला परवानग्या मिळतात त्या जिथे टाकली त्या फोल्डरच्या. गोम कट-पेस्टमध्ये आहे. सी ड्राइव्हवरून डीवर नेलं, तर आतून कॉपी करून मूळ पुसणंच होतं, म्हणजे नियम नव्या फोल्डरचा. डीवरच्याच एका फोल्डरातून दुसऱ्यात नेलं, तर फाइलचा डेटा जागचा हलत नाही, नुसती नोंद बदलते आणि जुन्या परवानग्या चिकटून राहतात. सगळ्यांना खुल्या असलेल्या फोल्डरातलं पगारपत्रक ‘फक्त अकाउंट्स’च्या फोल्डरात असं ढकललं, तर ते खुलंच राहू शकतं. ज्याला पूर्ण पाथ माहीत आहे, तो बाहेरचं फोल्डर बंद असूनही बहुधा ते उघडेल. अशा फाइली कॉपी करा, प्रॉपर्टीजमधला सिक्युरिटी टॅब पाहा, मगच मूळ डिलीट करा.

जुन्या परवानग्या हव्या असतील तर रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधलीच कॉपीची कमांड. पण नुसती चालवली तर तीही डेटा, अॅट्रिब्यूट (‘रीड-ओन्ली’सारख्या खुणा) आणि वेळाच नेते. ‘सेक’ पर्याय दिला की परवानग्या येतात. ‘कॉपीऑल’ मालकी आणि ऑडिटच्या नोंदीही (फाइल कोण वापरतं यावर लक्ष ठेवण्याची सेटिंग) नेतो. त्याला ऑडिटचा अधिकार असलेलं खातं लागतं, आणि लहान ऑफिसात त्या नोंदी सहसा कुणी ठेवलेल्याच नसतात. माझं मत ‘सेक’कडे. आधी फाइली नेल्या आणि ‘सेक’ नंतर आठवला, तर न बदललेल्या फाइली ती वगळते. तिथे ‘सेकफिक्स’ही जोडावा लागतो. परवानग्या लोकल युजरना, म्हणजे जुन्या मशीनवरच बनवलेल्या खात्यांना दिलेल्या असतील, तर त्यांच्या नावाच्या जागी नव्या सर्व्हरवर ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा आकडा दिसतो. अशा वेळी परवानग्या नव्याने देणंच सोपं. नेटवर्कवर फोल्डर शेअर करताना दिलेल्या परवानग्या वेगळ्या असतात, त्या रोबोकॉपी नेत नाही.

लिनक्सवर नुसत्या ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडने केलेल्या नव्या कॉपीची मालकी कॉपी करणाऱ्याकडे जाते, आणि परवानग्यांना यूमास्कची (नव्या फाइलींच्या परवानग्या कमी करणारी सेटिंग) कात्री लागते. फोल्डरला डीफॉल्ट एसीएल (कुणाला काय परवानगी याची सविस्तर यादी) असेल तर यूमास्क बाजूला राहतो. फाइल आधीच तिथे असेल तर तिच्याच परवानग्या टिकतात. त्याच मशीनवर ‘सीपी’ला छोटा ‘ए’ द्या, एसीएलही येते. दुसऱ्या मशीनसाठी आरसिंक ही नेटवर्कवरून फाइली नेणारी कमांड, पण त्याचा छोटा ‘ए’ एसीएल नेत नाही! कॅपिटल ‘ए’ वेगळा द्यावा लागतो. मालकीही जपायची तर फाइली घेणाऱ्या मशीनवर रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) लागतो.

पेन ड्राइव्ह मधे आला तर हे सगळं गैरलागू. पेन ड्राइव्हच्या नेहमीच्या एफएटी३२ किंवा एक्सफॅट फाइल-पद्धतीत एसीएल ठेवायला जागाच नसते. तेव्हा विंडोजवर ‘आयकॅकल्स सेव्ह’ने, लिनक्सवर ‘गेटएफएसीएल’ या कमांडने परवानग्या आधी एका फाइलीत उतरवून ठेवा.