काम अर्धवट टाकून गेलेला ठेकेदार आणि ग्राहक आयोगाची वाट: सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

जुलै २०२४ मध्ये आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. आता नोव्हेंबर २०२५ चालू आहे. निकाल हातात आहे, पैशाचा मोठा भाग परत आलाय, आणि ज्या घरासाठी हे सगळं केलं त्या घरात दोन पावसाळे काढून झालेत. तक्रार केली त्या दिवशी लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता. आता काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे नीट सांगता येईल असं वाटतं.

आमचं घर बेळगावात, शहापूरच्या एका गल्लीत. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी, शेवटी परस. वर मंगळुरी कौलं. सासूबाई ७८ वर्षांच्या. रात्री परसातल्या संडासाला जाताना पायरीवर घसरून पडल्या, तेव्हा ठरवलं की आता थांबायचं नाही. मागच्या भागावर स्लॅब टाकायचा, आत संडास-बाथरूम घ्यायचं, स्वयंपाकाचा कट्टा नवा करायचा आणि माजघराचे वासे, रीपा बदलून कौलं परत बसवायची.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मटेरियलसह ७,४०,००० रुपयांना काम अंगावर दिलं. ठेकेदार चंदगड तालुक्यातला. इथून तासाभराच्या आतलं गाव, पण राज्य महाराष्ट्र. शेजारच्या गल्लीत त्यानं दोन घरं चांगली करून दिलेली आम्ही स्वतः पाहिली होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण "चौकशी केली नाही काय?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. केली होती.

चूक झाली ती पैसे देण्यात. पहिल्याच दिवशी दीड लाख उचल दिली. मग "वहिनी, आज सळी उचलली नाही तर दर वाढतोय", "सेंटरिंगवाल्याला शनिवारी पगार द्यायचाय" असं म्हणत मार्चपर्यंत ४,६०,००० रुपये गेले. करार दोन पानांचा, मिस्टरांनी मराठीत लिहिलेला. त्यात एकूण रक्कम होती, कामांची यादी होती, मुदत होती. कोणत्या टप्प्याला किती पैसे, हे नव्हतं. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ मला त्या न लिहिलेल्या चार ओळींत दिसतं.

मार्चच्या शेवटी स्लॅब टाकून झाला. माजघराची कौलं उतरवून परसात रचून ठेवली होती. ७ एप्रिल २०२४ ला तो म्हणाला, "पाडव्याला गावी जाऊन येतो, आलो की माणसं लावतो." तो परत आलाच नाही. पहिला आठवडा फोन उचलत होता, दुसऱ्या आठवड्यात मेसेजला उत्तर देत होता, मग तेही बंद. नंतर कळलं की त्यानं गोव्याकडं मोठं काम घेतलं होतं आणि आमची माणसं तिकडं नेली होती. स्लॅबवर पाणी मारायचं कामही आम्ही घरातल्यांनीच केलं, सकाळ-संध्याकाळ, बादलीनं.

बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. इथं मृग लागला की छप्पर नसलेलं घर म्हणजे काय ते कळतं. सासूबाई रोज वर बघून विचारायच्या, "पावसाआधी कौलं तरी चढणार काय गं?" मला उत्तर देता येत नव्हतं.

आधी पोलिसांकडं गेलो. हा पैशाचा दिवाणी वाद आहे, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. तेव्हा वाईट वाटलं, पण नंतर वकिलांनी समजावलं ते पटलं. फसवणुकीचा गुन्हा ठरायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. ज्यानं चार महिने काम केलं, स्लॅब टाकला, त्याच्याबद्दल हे दाखवणं कठीण. काम सोडून जाणं हा तेवढ्यानं गुन्हा होत नाही.

मग मनात आलं, याचं लायसन कुणी रद्द करू शकतं की नाही? इथं मला खरा धक्का बसला. लायसनच नाही. आपल्याकडं सार्वजनिक बांधकाम खात्यात ठेकेदारांची वर्गवारीनं नोंदणी असते, पण ती सरकारी निविदांसाठी. काळ्या यादीत टाकलं तरी सरकारी काम बंद होतं, खाजगी घरांची कामं चालूच राहतात. वास्तुविशारदावर १९७२ च्या कायद्याखाली त्यांची परिषद गैरवर्तनाची कारवाई करू शकते. रेरा हा बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे, पण तो विक्रीच्या प्रकल्पांसाठी, स्वतःच्या घराच्या दुरुस्तीला लागू नाही. घर उघडं टाकून जाणाऱ्या माणसाला उद्यापासून दुसरं घर उघडायला मनाई करेल असं कुणीच नाही.

माझी नणंद कॅलिफोर्नियात असते. तिनं तिकडची पद्धत सांगितली, मी नंतर वाचूनही घेतलं. तिथं ठेकेदारांना परवाना देणारं राज्याचं मंडळ आहे. योग्य कारणाशिवाय काम सोडून जाणं हे कायद्यात कलम ७१०७ खाली शिस्तभंगाचं कारण म्हणून लिहिलेलंच आहे, आणि त्यावरून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. परवानाधारकाला २५,००० डॉलरचा हमीचा बाँड ठेवावा लागतो. घरदुरुस्तीत सुरुवातीची उचल कामाच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या किमतीपेक्षा जास्त मागता येत नाहीत. त्या हिशोबानं माझ्याकडून पहिल्या दिवशी ७४,००० च्या वर घेता आले नसते. मी त्याच्या दुप्पट दिले होते. तो आकडा मी बराच वेळ कागदावर बघत बसले.

आपल्याकडं राहिला तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. त्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच घरबांधणी आहे, त्यामुळं ठेकेदार आयोगापुढं येतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आमच्या ४,६०,००० ला काहीच भरावं लागलं नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील सक्तीचा नाही, तरी आम्ही घेतला. आणि आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसांना फार महत्त्वाचं म्हणजे, तक्रारदार राहतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. समोरचा चंदगडचा असो की पणजीचा, आपल्याला त्याच्या जिल्ह्यात खेपा घालाव्या लागत नाहीत. मला आधी वाटलं होतं, राज्य बदललं की सगळंच अडकणार.

आता सगळ्यात अवघड भाग. मे महिन्यात आमच्यापुढं दोनच रस्ते होते. घर तसंच ठेवावं तर पावसात भिंती बसतील. दुसरा गवंडी लावावा तर पहिल्यानं किती आणि कसं काम केलं याचा पुरावा गिलाव्याखाली जाईल. एका नात्यातल्या इंजिनिअरनं सांगितलं, "मोजमाप झाल्याशिवाय कुणालाही भिंतीला हात लावू देऊ नका." हा सल्ला सोन्यासारखा निघाला. नात्याबाहेरचा एक सिव्हिल इंजिनिअर बोलावला. त्यानं दोन दिवस टेप लावून सगळं मोजलं: स्लॅबची जाडी, झालेलं बांधकाम, बसवलेले पाइप, पडून असलेलं मटेरियल. बाथरूमच्या खोल भागात वॉटरप्रूफिंग न करताच विटांचे तुकडे भरले होते, तेही त्यानं एका कोपऱ्यात उकरून दाखवलं आणि फोटो काढले. प्रत्येक फोटोत टेप आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र. झालेल्या कामाची किंमत त्यानं २,७५,००० काढली. म्हणजे १,८५,००० रुपये काम न करता ठेकेदाराकडं होते.

त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली: पंधरा दिवसांत काम सुरू करा, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेऊ आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं. आम्ही ते न फोडता ठेवलं. नकार दिला तरी नोटीस पोचली असं धरलं जातं, हे तेव्हाच कळलं.

पंधरा दिवस संपले त्या दिवशी वडगावच्या एका मेस्त्रींनी काम हातात घेतलं. त्यांनी आधी बाकी सगळं सोडून माजघराचे वासे चढवले. कौलं बसवून झाली त्या रात्री पाऊस आला. सासूबाई सोप्यात बसून कौलांवरचा आवाज ऐकत होत्या. मी दिवा न लावता त्यांच्याशेजारी बसले.

आयोगातला अनुभव सांगते. करार आणि मेसेज मराठीत होते, त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागलं. त्याला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात, आधीच धरून चाला. मोबाइलमधल्या मेसेजसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा दाखला जोडला. ठेकेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५, त्यापुढं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तो शेवटच्या दिवसांत वकिलासह हजर झाला. त्याचं म्हणणं, आम्ही तोंडी जादा काम सांगितलं आणि त्याचे पैसे दिले नाहीत. त्याला उत्तर देणारा त्याचाच मेसेज होता: "वहिनी, तुमचं काही बाकी नाही, माणसं नाहीत म्हणून थांबलंय." मी तो मेसेज पुसला नव्हता. जागा कमी पडते म्हणून मोबाइल साफ करणाऱ्यांनी काम चालू असताना एवढं तरी पाळावं.

मध्ये तडजोडीसाठी मध्यस्थीचाही पर्याय समोर आला. तो ९०,००० द्यायला तयार होता. मिस्टर तयार झाले होते, मी झाले नाही. मोजमापाचा कागद नसता तर मीही मान्य केलं असतं.

जून २०२५ मध्ये निकाल लागला. १,८५,००० रुपये व्याजासह, शिवाय मनस्तापाबद्दल २५,००० आणि खर्चाचे १०,०००. कायद्यात अशा तक्रारीला काही महिन्यांची मुदत लिहिली आहे, आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागलं. निकाल लागला म्हणजे पैसे आले, असं मात्र नाही. मुदत उलटून गेली तरी तो गप्प होता. मग अंमलबजावणीचा अर्ज केला. आयोगाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याची नोटीस गेल्यावर पंधरा दिवसांत सव्वा लाखाचा डीडी आला. उरलेले दोन हप्त्यांत द्यायचं त्यानं लिहून दिलंय. एक आला, एक यायचा आहे.

मी समाधानी आहे का? पैशाबाबत, होय. खेपा, भाषांतर, इंजिनिअर आणि वकील मिळून जो खर्च झाला त्यापेक्षा बरंच जास्त परत आलं. पण एक गोष्ट मला अजून टोचते. आयोग पैसे परत देऊ शकतो, ठेकेदाराचं काम थांबवू शकत नाही. तो आजही कामं घेतो. आपल्या राज्यात, आणि पलीकडच्या राज्यातही, घरांची कामं घेणाऱ्यांची नोंदणी व्हावी, काम सोडून गेल्याची नोंद सगळ्यांना बघता यावी, असं मला मनापासून वाटतं. चांगल्या मेस्त्रींचंही त्यात भलंच आहे. आमच्या वडगावच्या मेस्त्रींनी हप्ते ठरवताना स्वतःच सांगितलं, "वैनी, काम बघा, मग पैसे द्या." त्यांचा करार सहा टप्प्यांचा होता. चौकट बसली की एवढे, गिलावा झाला की एवढे, बाथरूममध्ये तीन दिवस पाणी भरून गळती नाही हे पाहिलं की एवढे. दहा टक्के एक पावसाळा झाल्यावर. ते आम्ही २०२४ च्या दसऱ्याला दिले, मिठाईच्या पुड्यासकट.

घराचं म्हणाल तर बाथरूमची भिंत दोन्ही पावसाळ्यांत कोरडी राहिली. सासूबाई आता रात्री चार पावलांवर जातात. जुन्या ठेकेदाराच्या स्लॅबला एका कोपऱ्यात बारीक भेग आहे, ती दर महिन्याला पेन्सिलीनं खूण करून बघते. अजून वाढलेली नाही.

गेल्या आठवड्यात अनगोळहून एक तरुण जोडपं आलं. कुणीतरी आमचं नाव सांगितलं होतं. त्याच ठेकेदारानं त्यांना साडेआठ लाखांचा आकडा दिलाय आणि दोन लाख उचल मागितलीय. मी त्यांना चहा दिला, फाइल काढली आणि मोजमापाच्या कागदापासून निकालापर्यंत सगळी पानं वाचू दिली. जाताना त्या मुलीनं मेस्त्रींच्या सहा टप्प्यांच्या कराराचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.