टँकसाठी कंद: झटपट फुटणारा अपोनोजेटॉन की संथ क्रायनम?

कंदातून वाढणारं झाड माशांच्या काचेच्या टँकमध्ये लावायचं ठरलं, की निवड बहुतेकदा दोन घराण्यांत येऊन ठेपते: अपोनोजेटॉन आणि क्रायनम. दोन्हींची पानं लांब, लहरदार, मागच्या काचेला शोभणारी. पण पहिलं भराभर वाढून थकतं. दुसरं इतकं सावकाश चालतं, की नवखा माणूस ते मेलं समजून उपटून टाकतो. माझा कौल दुसऱ्याला आहे.

पुडीत कोरडे मिळणारे स्वस्त कंद बहुधा अपोनोजेटॉन क्रिस्पसचे किंवा त्याच्या संकराचे असतात. हे झाड मूळचं श्रीलंका आणि दक्षिण भारतातलं. कोमट पाण्यात एक-दोन आठवड्यांत कोंब येतो आणि मग पानं बघता बघता हातभर होतात. कंद वाळूत पुरू नका, नुसता वर टेकवून ठेवा. मुळं आपली वाट शोधतात. तीन-चार आठवड्यांनीही कोंब नाही आणि कंद दाबल्यावर मऊ लागतोय, तर तो काढून टाका, नाहीतर पाणी नासेल.

खरा प्रश्न काही महिन्यांनी येतो. नवी पानं आखूड निघतात, जुनी गळतात, कंद झोपी जातो. यात रोग काही नाही, हा या कुळातल्या अनेक जातींचा स्वभावच आहे. कासच्या पठारावरचा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, पावसाळी डबक्यांत वाढतो, फुलतो आणि कोरडे महिने जमिनीत कंदाच्या रूपात काढतो. (तो फक्त आपल्या सह्याद्रीत सापडतो आणि संकटात आहे. त्याला तिथेच राहू द्या.) संकरित कंद कधी कधी विश्रांतीशिवाय चालतात, पण पुडीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसतं.

याच कुळातला मादागास्करचा जाळीदार अपोनोजेटॉन बघून कुणीही हरखून जाईल. पान वाढत असताना शिरांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि मागे उरते ती जाळी. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात पेशींच्या या नियोजित मृत्यूचा अभ्यास याच झाडावर झाला आहे. पण त्याला थोडं गार, स्वच्छ, खेळतं पाणी लागतं. नागपूर किंवा सोलापूरच्या मे महिन्यात चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता क्रायनम कॅलामिस्ट्रेटम. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडचं हे झाड शास्त्रीय नावानिशी नोंदलं गेलं ते १९८७ मध्ये. कंद कांद्यासारखा थराथरांचा. पानं गडद हिरवी, जेमतेम अर्धा सेंटीमीटर रुंद, कडा चुरमडलेल्या, आणि लांबी मीटरभर किंवा त्याहून जास्त. लावल्यावर जुनी पानं बहुतेक गळतात, मग कित्येक आठवडे, कधी काही महिने वर काहीच दिसत नाही. या काळात काम खाली चाललेलं असतं, मुळांचं. म्हणून जागा एकदाच ठरवा. कंद हलवलात की सगळं पहिल्यापासून सुरू. पुढेही पान एकेकच येतं, पण एकदा जम बसला की झाड वर्षानुवर्षं टिकतं आणि अपोनोजेटॉनसारखं झोपी जात नाही.

आपल्याकडच्या अनेक घरांना ते मानवतं याचं मोठं कारण पाणी. दख्खनच्या बोअरचं क्षारांचं, जड पाणी जाळीदार अपोनोजेटॉनला सोसत नाही. क्रायनमला त्याचं वावडं नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारा सीओटूचा सिलिंडरही लागत नाही, मुळाशी अधूनमधून रूट टॅब, म्हणजे वाळूत खुपसायची खताची गोळी, दिली की भागतं. गोल्डफिश या पानांना सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे गोल्डफिश पाळणाऱ्याला तर मी दुसरं नाव सुचवणारच नाही. अडचण एकच, शेवाळ. पान जुनं होईपर्यंत जागचं हलत नाही, त्यामुळे त्यावर काळं शेवाळ धरतं. दिवा सहा-सात तासच ठेवा, पाणी हलतं ठेवा.

टँक चार फुटांचा किंवा मोठा असेल, तर थायलंडचा क्रायनम थायानमही बघा. त्याची रुंद फितीसारखी पानं दोन मीटरच्या पुढे जातात. मात्र तो दक्षिण थायलंडमधल्या रानोंग आणि फांग न्गा या प्रांतांतल्या ओढ्या-नद्यांपुरताच उरला आहे. नदीपात्रं उकरल्यामुळे आणि विक्रीसाठी कंद काढल्यामुळे तो धोक्यात आला. नर्सरीत वाढवलेलाच हवा, असं दुकानदाराला स्पष्ट सांगा.

वर्षभरात घर बदलायचं असेल किंवा टँकची मांडणी सारखी बदलायची हौस असेल, तर क्रायनमवर पैसे घालू नका. तो महाग असतो, कारण बाजूचे पिल्लू-कंद फार सावकाश धरतात. तिथे क्रिस्पस बरा. क्रायनम घेणार असाल तर पानांच्या लांबीवर भाळू नका, ती गळणारच आहेत. कंद घट्ट आहे ना, मान कुजलेली नाही ना, बुडाशी जिवंत पांढरी मुळं आहेत ना, एवढं तपासा. लावताना वरचा अर्धा भाग वाळूबाहेर राहू द्या.